वेदीपुढचा भोपळा

दगडाबाईने चष्मा पदराला पुसला आणि बायबलातल्या ओळीवर बोट ठेवलं.

कापणीचा सण होता. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, हळदीची पाटी, शाळूची कणसं आणि सगळ्यांत पुढे तिनेच आणलेला भलाथोरला भोपळा. मिरजेच्या त्या चर्चमध्ये आज ती पहिल्यांदाच वाचणार होती, सत्तराव्या वर्षी. नात सृष्टीने वर्षभर बसून तिला अक्षरं शिकवली होती. हा उतारा तर तिने पंधरा दिवस घोकला होता. पण जोडाक्षरांशी झटताना अर्थाकडे बघायला सवड कुणाला होती? आता चुकायचं नव्हतं. तिसऱ्या बाकावर थोरली जाऊ बनूबाई बसली होती. तीन वर्षं दोघी बोलत नव्हत्या. वेल बनूबाईच्या परड्यातला, भोपळे धरायचा कुंपणापलीकडे दगडाबाईच्या अंगणात. भांडण तेवढंच.

तिने वाचायला घेतलं. आवाज ठणठणीत लागला. देवाला काही वाहायला आणलंस आणि तिथं आठवलं, की कुणाचं मन आपल्यावर रुसलंय, तर ते तिथंच ठेव, आधी जाऊन...

दगडाबाई थांबली.

शब्द अडला असं वाटून पाळकसाहेबांनी पुढचा शब्द हळूच सांगितला.

"वाचता येतंय वो सायेब," ती म्हणाली. "पर ह्ये मलाच सांगितलंय."

ती पायरी उतरली आणि तिसऱ्या बाकापाशी जाऊन उभी राहिली.

"आक्का, ऊठ. भोपळा तुज्या येलाचा हाय."

"तीन वर्सं मी त्येच सांगत व्हते. तवा ऐकलं न्हाईस ते!"

"तवा तू सांगत व्हतीस. आत्ता देवानं सांगितलं."

सगळे बाक खदखदून हसले. बनूबाईने ओठ दाबून धरले, पण हसू काही दबेना. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. दोघींनी मिळून भोपळा उचलला आणि पुन्हा वेदीपुढे ठेवला.

दगडाबाई परत वर गेली. बोटाने ओळ शोधू लागली.

बनूबाई आता पहिल्या बाकावर येऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "दमानं वाच गं दगडे. फुडं आनि काय काय करायला लावंल, नेम न्हाई!"