एक माप मोठी

आदिनाथच्या लग्नाच्या बांगड्या भरायला शेवगावची बायडाबाई कासारीण सकाळीच ओसरीवर येऊन बसली होती. नवरदेवाची बहीण पंकजा पुढ्यात बसली, तसा बायडाबाईनं तिचा डावा हात ओढून घेतला आणि त्यातली एकुलती हिरवी बांगडी उतरवली.

ही बांगडी पंकजाची रोजची. मनगटाच्या वर हाडावर तीनदा गाठ आली, तीनदा नगरला जाऊन काढली. तिन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, साधी आहे, कॅन्सर नाही. साऱ्या गावाला हायसं वाटलं, एकट्या पंकजाला सोडून. तिथं बोट लावून बघायचीसुद्धा तिला भीती वाटायची. म्हणून रोज सकाळी ती ही बांगडी कोपराकडं सरकवायची. हातावरल्या तिळाच्या पुढं न अडता गेली, की गाठ नाही. मगच ती चहा प्यायची.

बायडाबाईनं बांगडी बोटांत फिरवली. "ही तुज्या मापाची न्हाई."

"माजीच हाय. दोन वर्सं झाली."

"अगं, तुजं माप मला पाठ हाय. ही एक माप मोठी. दिवाळीत तुज्या आईनंच न्हेली की माज्याकडनं. अशीच दे, फकस्त मोठी दे, म्हनली."

दारात पंकजाची आई मनकर्णा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली.

"माज्या मापाची चढवा," पंकजा म्हणाली.

बायडाबाईनं चढवली, वर सरकवली. तिळाच्या दोन बोटं अलीकडंच ती अडली. पंकजानं स्वतः रेटून पाहिली. जाईना.

"आई, तुला ठावं हुतं?"

"तू झोपलीस की रोज हात चाचपायची मी. दिवाळीत गाठ लागली हाताला." मनकर्णानं ताट खाली ठेवलं. "किती दिसांनी सुखानं झोपाया लागली हुतीस, पंके. कसं सांगू?"

पंकजाला आईचा संताप आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मग तिला आज सकाळ आठवली. मोठी बांगडीसुद्धा तिळापाशी घासूनच गेली होती.

तिनं ती उचलून बायडाबाईपुढं धरली.

"याच्याहून एक माप मोठी असंल, तर आईला देऊन ठेवा. ही बी आता लई दिवस पुरायची न्हाई."