अनसाक्काच्या मैदानाची माती

अनसाक्कानं मातीची पिशवी प्रयोगशाळेतून आलेल्या पोरीपुढं अशी ठेवली, जशी पाहुण्यांपुढं नटवून लेक आणावी. क्रिकेटच्या मैदानाची हिरवळ बावीस वर्षं तिनंच राखलेली. आता खेळपट्टीजवळचं गवत पिवळं पडत होतं, आणि दुखणं सापडलं नाही तर सगळं उपटून टाकू, असं क्लबच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं.

“कुठली ही माती, अक्का?”

“पॅव्हेलियनसमोरची. तिथलं गवत बघ, कसं हिरवंगार! खडे वेचून चाळलीय. नाव ठेवायला जागा ठेवली नाही मी.”

पोरगी हसली. “अहो, आजारी एक आणि नाडी दाखवली शेजारणीची! औषध कुणाला देऊ? पिवळ्या पट्ट्यातली आणा. पंधरा ठिकाणची, चार बोटं खोल.”

शेजारी उभे असलेले सेक्रेटरीही फिदीफिदी हसले. अनसाक्काची मान आणखी ताठ झाली. “दात काय काढता साहेब? चूक माझी आहे, मैदानाची नाही.” तिनं पिशवी तिथंच उपडी केली, पदर खोचला आणि बादली घेऊन, सगळ्यांना दिसेल अशी, पिवळ्या पट्ट्यात शिरली. गवत जिथं पार मेलं होतं तिथंही खुरपं घालायला ती कचरली नाही.

नव्या पिशवीवर चिठ्ठी लागली. नमुना कुणी घेतला, तिथं पोरगी सेक्रेटरींचं नाव लिहायला लागली, तेव्हा अनसाक्कानं तिच्या हातातलं पेन घेतलं. दुसरीतून शाळा सोडलेली ती. पण एकेक अक्षर ठसठशीत काढलं.

“हिरव्यावर इतकी वर्षं मिरवले ना? मग पिवळ्यालाही माझंच नाव लागू दे.”