भिखारीडीह

रायपूरजवळच्या भिखारीडीह गावातली सोनिया शहरात कॉलेजला जायची. तिथं सगळे तिला 'भिखारीण' म्हणून हसायचे. शेवटी तिनं गावाचं नाव बदलण्यासाठी अर्ज केला. चौकशीला तहसील कार्यालयातून ज्ञानदा देव आल्या. ग्रामसभेत त्यांनी विचारलं, "हे नाव पडलं कसं?"

ऐंशी वर्षांच्या गोदावरीबाई उठल्या. "मॅडम, माझे आजेसासरे इथले मालगुजार, साऱ्या गावची जमीन त्यायची. मोठ्या दुष्काळात त्यायनं आपली धानाची कोठी गावाले वाटून टाकली. ती सरली तवा झोळी घेऊन रायपूरले गेले, दारोदार भीक मागितली. लोक हसले. पण गावातलं एकही लेकरू उपाशी मेलं नाही."

"मग त्या हसणाऱ्यांनीच हे नाव ठेवलं?"

"नाही. गावाचं नाव पहिले रामपूर होतं. ती लेकरं मोठी झाली, अन् त्यायनंच सरकारात अर्ज करून हे नाव मागून घेतलं."

सोनियाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती पुढं आली आणि तिनं आपला अर्ज परत मागितला.