तिसऱ्या आठवड्यातलं वादळ

"आधी दोन घास खा, मग वादळाचं सांगा," ती पलंगावरून म्हणाली.

त्याने ताट मांडीवर घेतलं. एक घास कसाबसा गिळला. "संगणकावरच्या एकावन्न गणितांपैकी चाळीसांत उठतंय. तिसऱ्या आठवड्यात. भर समुद्रात, कुणाला त्रास न देता विरेल."

"म्हणजे वादळ इतकं आधी ओळखायची तुमची तीस वर्षांची खटपट वाया नाही गेली. ते उठलेलं ऐकल्याशिवाय मी जायची नाही."

डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते.

सकाळी तिच्या उशाशी पाणी, गोळ्या आणि फोन ठेवून तो हवामान कार्यालयात जायचा. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढायचा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे शून्यबाबा म्हणायचे. कुठल्याही वादळाची शक्यता तो शून्यच धरायचा.

"तीन आठवडे आधी? अरे, माझ्या डब्यात दुपारी काय निघेल ते मला सांगता येत नाही," शून्यबाबा म्हणाला. मग त्याच्या कमरेकडे बघून, "पट्ट्याला अजून एक भोक पाडलंस?"

पुढच्या गुरुवारी चाळीसची एकोणीस झाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन. कागदावर त्याने खरं ते लिहिलं, 'शक्यता नगण्य', आणि सही केली.

घरी येऊन म्हणाला, "जोर धरतंय."

"खा आधी."

तिसरा आठवडा गेला. "रेंगाळलंय जरा," तो म्हणाला. "समुद्राचं पाणी अजून तापायचंय." तिने ताटाकडे बोट दाखवलं. त्याने भाजी संपवली.

चौथा गेला, पाचवा गेला. डॉक्टर म्हणाले, "कशावर तग धरून आहेत, कळत नाही."

त्याला कळत होतं. खोटं बोलताना तो ताटातून मान वर काढत नसे.

सहाव्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी ती गेली. समुद्र सपाट होता.

आठ दिवसांनी शून्यबाबा घरी आला. गॅस पेटलेला दिसत नव्हता.

"फसवलं रे मी तिला," तो म्हणाला. "वादळ येतंय म्हणून थांबली बिचारी."

शून्यबाबाने पिशवीतून डबा काढला, उघडून त्याच्यापुढे सरकवला.

"वहिनींचा दर गुरुवारी दुपारी फोन यायचा. अंदाज माझ्याकडून वाचून घ्यायच्या. म्हणायच्या, 'भाऊजी, ह्यांना कळू देऊ नका. वादळाचं सांगायचं म्हणून तरी चार घास खातात.'"