रडण्यातलं

ऑटोतून बेबीमावशी एकटीच उतरली. ऑटो वळून धूळ उडवत निघूनही गेला, तरी अंगणातली नानीबाई रस्त्याकडेच पाहत राहिली.

"शीला?"

"नाई धाडली वो तिले," मावशी म्हणाली. "हात जोडले मी. सासू म्हणते, आमच्या घरातलं सारं त फोनवर वाचून राह्यले लोक. आता पोरगी कायले पायजे तिच्या मायले?"

नानीबाईची धाकटी लेक रीता दारात उभी राहून ऐकत होती. शीला तिची मोठी बहीण. मावशी आणि शीला एकाच तांड्यात दिलेल्या. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला दोघी दरवर्षी बरोबर यायच्या आणि आधी इथं, माहेरच्या अंगणात उतरायच्या.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर दोन बहिणी भेटल्या की आधी पाणी नाही, आधी रडणं. गळ्यात गळा घालून, सुरात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची आणि वर्षभराचं साचलेलं त्या सुरात सांगून मोकळं व्हायचं. नवऱ्याचे पराक्रम, सासूचे उपकार, कोणालाही सोडायचं नाही. डोळे पुसले की विषय संपला. रडण्यातलं बोलणं कोणी पुढे नेत नाही. जिचा उद्धार चाललेला असतो ती सासूसुद्धा शेजारी उभी राहून सगळं ऐकते आणि मुकाट्यानं चहा ठेवायला जाते.

रीताला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण वाशीमच्या कॉलेजात मराठीच्या मॅडमनी लेखनाच्या तासाला प्रत्येकाला ब्लॉग काढायला लावला होता. 'घरातला एक आवाज' हा विषय दिला आणि बजावलं, ऐकीव नको, खरं लिहा. वाचणार कोण, तर वर्गातलीच पोरं. मग रीतानं आईचं मागच्या रामनवमीचं रडणं लिहिलं. आपल्या बोलीतून ते मराठीत आणताना ती स्वतःही रडली. 'भरल्या घरी दिली लेक, तिच्या ताटात नुसतं पाणी. तिथं गाल सुजतो तिचा, मी इथं भाकर थापते.' खरंच लिहायचं म्हणून नावंही खरीच ठेवली. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. वर्गातल्या मंजूनं खाली लिहिलं, तुझ्या आईला भेटावंसं वाटतं गं. दोन दिवस रीताचे पाय जमिनीवर नव्हते.

कोणीतरी ते पुढे पाठवलं, त्यानं आणखी पुढे. रीतानं घाईघाईनं ब्लॉग पुसून टाकला. पण तोंडातून गेलेला शब्द आणि फोनमधून गेलेला मजकूर, दोन्ही सारखेच. तोवर तो शीलाच्या दिराच्या फोनमध्ये जाऊन बसला होता.

आईनं तिला एका शब्दानं विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या, चार रट्टे घातले असते तर बरं झालं असतं, असं रीताला रोज वाटायचं. आई जेवायला वाढायची, कॉलेजला जाताना डबा द्यायची. फक्त रीता जवळ आली की तिचं बोलणं भाजीपाल्यावर यायचं.

मावशीनं पिशवी टाकली आणि बहिणीच्या गळ्यात हात घातले. पहिली ओळ तिनं शीलाचं नाव घेऊनच उचलली. शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावून जवळ सरकल्या. पुढची ओळ आईची होती. ती आली नाही. मावशीनं पुन्हा सूर धरला. आईचा गळा हलला, पण आवाज फुटेना. मावशीच्या खांद्यावरून ती रीताकडे पाहत होती.

रीता आत गेली, फोन फळीवर ठेवला आणि परत येऊन दोन्ही रिकामे हात पुढे केले.

"याडी, फोन आत ठेवला मी. रड तू."

"फोन कायले पायजे तुले," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "कान हायेत न."

"अवो, लेकरू हाये ते," मावशीनं डोळे पुसत मधे तोंड घातलं. "चुकलं तिचं."

"माहंच लेकरू हाये. मनून त तिच्यासमोर रडत होती मी."

रीताला खूप काही बोलायचं होतं. माफी मागायची होती, पायावर डोकं ठेवायचं होतं. पण आईच्या छातीत वर्षभराचं अडकलं होतं आणि ते आपल्यामुळंच बाहेर येत नाही, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. ती अंगणातून उतरली. हातपंपाच्या पुढे गेली, शेवटचं घर ओलांडलं आणि तुरीच्या मोकळ्या रानात, जिथं हाक मारली तरी नीट ऐकू येत नाही, तिथं जाऊन वळली.

दोघी बहिणी तशाच गळ्यात गळा घालून उभ्या होत्या. मावशीची पाठ गदगदत होती. आई अजून रीताकडेच पाहत होती, ओठ मिटून.

मग रीतानं दोन्ही हात उचलले आणि आईला दिसतील असे आपल्या कानांवर घट्ट दाबून धरले.

लांबवर आईचं तोंड उघडलं.