खाडीची संमती

"ही पूड टाकल्यार कालवां मेली, तर आमी करूचा काय?" खाडीतली कालवं काढणाऱ्या शेवंतीमावशींनी भर सभेत विचारलं.

हवेतला धूर पिऊन समुद्र आंबट होत चालला होता, कालवांची कवचं पातळ पडत होती. आंबटपणा मारणाऱ्या दगडाची पूड खाडीत टाकल्यास पाणी सावरेल, अशी संशोधक मृण्मयीला आशा होती. "काही होणार नाही" हे शब्द तिच्या ओठांवर आले, पण ती म्हणाली, "मावशी, मला खात्री नाही. तुम्ही नको म्हणालात तर टाकणार नाही."

मावशी म्हणाल्या, "माझा कोळंबीचा तळा रिकामा आसा. आधी थंय करून बघ."

मृण्मयीनं तळ्यात खाडीचं पाणी नि पातळ कवचांची कालवं सोडून पूड टाकली. पावसाळा सरल्यावर मावशींनी तळ्यातल्या कालवावर कोयती हाणली. कवच तडकलंसुद्धा नाही.

"फुटत नाय गो!" त्या हसत सुटल्या. "चल, आता खाडीत टाकूया."