वळणदार अक्षर

“हं, इथे तुझं नाव लिही,” बाई म्हणाल्या, आणि मुंगीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

निकालाचा दिवस होता. साथीमुळे दुसरीचा वर्ग वर्षभर फोनवरच भरला होता. आज पहिल्यांदाच एकेक मूल घरच्यांचं बोट धरून शाळेच्या पटांगणात येत होतं. भिंतीपाशी टेबल, टेबलावर जंतुनाशकाची बाटली, प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा आणि सह्यांची वही. तोंडाला मास्क, त्यामुळे कोण हसतंय नि कोण नाही, कळायला मार्ग नव्हता.

बाईंच्या मागे भिंतीवर मोठा कागद लावला होता. ‘या वर्षाने आम्हाला काय शिकवलं?’ मुख्याध्यापिकांच्या हौसेखातर शाळेतल्या प्रत्येकाला त्यावर काहीतरी लिहावंच लागलं होतं. शिपायाने लिहिलं होतं, ‘मुलं नसली की शाळा झाडायला अर्धा तासही लागत नाही.’ बाईंनी दोन दिवस विचार करून, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुलं दूर होती, पण एकही माझ्या नजरेतून सुटलं नाही.’

ते काही उगाच नव्हतं. रोज अडतीस वह्यांचे फोटो येत. बाई एकूण एक फोटो मोठा करून बघत, चुका दाखवत, बोटाने लाल तारा काढून परत पाठवत. डोळ्यांची पार वाट लागली होती. त्यातच त्यांना मुंगी सापडली होती. अंगाने एवढीशी, म्हणून घरचे तिला मुंगी म्हणत. मग वर्गही म्हणू लागला. सुरुवातीला तिची अक्षरं ओळ सोडून वाट फुटेल तिकडे जायची. आणि एके दिवशी एकदम सरळ, गोल, टपोरी! बाई इतक्या हरखल्या की त्यांनी एकाऐवजी तीन तारे दिले. ‘सर्वाधिक प्रगती’ असं एकच प्रशस्तिपत्र शाळा यंदा देणार होती. ते मुंगीलाच मिळावं म्हणून त्या तिसरीच्या गुरुजींशी कडाकडा भांडल्या होत्या.

“लाजतेय ती,” तिचे आजोबा म्हणाले. “मीच करतो सही.”

त्यांनी पेन घेतलं. उभ्या रेघा सरळसोट, गोल भाग गरगरीत, आणि शेवटी खाली एक झोकदार फराटा. त्यांचं लिहून होईपर्यंत बाईंचे डोळे त्या अक्षरावर खिळले होते. हे अक्षर त्यांनी कितीतरी महिने रोज पाहिलं होतं.

“तुम्ही काय काम करता, आजोबा?”

“आता काही नाही. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. चाळीस वर्षं.” बोलता बोलता त्यांची नजर मागच्या कागदावर गेली. “ते ‘नजरेतून सुटलं नाही’ कुणी लिहिलंय हो? अक्षर छान आहे. ओळ तेवढी चढलीय.”

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी फोनमधले जुने फोटो शोधले आणि दोन पानं आजोबांपुढे धरली. “हे तिचं. आणि हे दुसऱ्याच दिवसाचं. हे तुमचं आहे ना?”

आजोबा गडबडले. “मुंगे, तो झोपाळा बघून ये जा,” त्यांनी नातीला पिटाळलं. ती लांब गेल्यावर म्हणाले, “चोरी पकडलीत, बाई. त्या दिवशी तिच्या आईला दवाखान्यात नेलं. गाडी आली, गेली, तरी पोर खिडकी सोडेना. इकडे वही पाठवायची वेळ झालेली. म्हटलं, तिची गैरहजेरी नको लागायला, आजच्या दिवस आपणच खरडू. तिच्यासारखं वाकडं काढायला बघितलं हो मी. पण या हाताला वाकडं येतच नाही.”

बाईंनी फोन खाली घेतला. “आणि तिची आई?”

“आली की घरी. तीन आठवड्यांनी. आता चांगली हिंडती-फिरती आहे.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. पण त्यापाठोपाठ रागही आला. प्रशस्तिपत्र, गुरुजींशी केलेलं भांडण, ते तीन तारे, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“एका दिवसाचं मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. “पण पुढचे आठ महिने? आई घरी आल्यावर तरी तिला लिहायला लावायचं! आज पोर स्वतःचं नाव लिहायला हात पुढे करत नाही. तिचं वर्ष तुम्ही वाया घालवलंत, आजोबा.”

आजोबांनी खिशातून आपला फोन काढला, एक फोटो उघडला आणि टेबलावर ठेवला. तेच पान होतं. वर बाईंनी बोटाने काढलेले तीन लाल तारे, आणि खाली बाईंचेच शब्द: ‘शाब्बास! किती सुंदर अक्षर! आता रोज अस्संच लिहायचं. आधीसारखं अजिबात नको.’

पलीकडे मुंगी झोपाळ्यापाशी नुसतीच उभी होती. हात अजून पाठीमागेच होते.

“दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल तिच्या हातात दिली होती,” आजोबा हळूच म्हणाले. “तिने ती परत माझ्या हातात ठेवली. म्हणाली, आजोबा, तुम्हीच लिहा. बाईंना माझं नकोय.”